जालन्याच्या माळावरचे हिवाळी पाहुणे

जालना म्हटले की व्यापारी मनासमोर आधी मोंढा उभा राहतो. सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याच्या पोत्यांची थप्पी, बियाण्यांच्या कंपन्या, लोखंडी सळयांचे कारखाने, मोसंबीने भरलेल्या गाड्या. ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण या पेठेच्या भरभराटीतूनच जन्मली. स्थानकवासी समाजाला हे शहर गुरु गणेश तपोधामामुळे वंदनीय आहे, आणि चातुर्मासात येथे येणाऱ्या श्रावक-श्राविकांना शहराचे रस्ते तोंडपाठ आहेत. परंतु चातुर्मास संपतो, कार्तिकी पौर्णिमेनंतर साधू-साध्वींचा विहार सुरू होतो, आणि त्याच सुमारास या जिल्ह्यात वेगळ्याच विहारींचे आगमन झालेले असते. ते उत्तरेकडून, पर्वत आणि वाळवंटे ओलांडून येतात, माळावर चार-पाच महिने मुक्काम करतात आणि फाल्गुन-चैत्रात निघून जातात. मोंढ्यापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर त्यांचे दर्शन घडते. तरी पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात राहिलेल्या अनेक घरांत त्यांचे नावही कुणाला ठाऊक नसते.

हे पाहुणे म्हणजे शिकारी पक्षी : भोवत्या, खरुची, ससाणे, गरुड. अहिंसेचे व्रत घरोघरी पाळणाऱ्या कुटुंबांनी मुद्दाम त्यांच्याच दर्शनाला का जावे, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला माळापेक्षा चांगली जागा नाही.

जिल्ह्याची ठेवण

१ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांचा उतार, दक्षिणेला अंबड-घनसावंगीच्या कडेने वाहणारी गोदावरी, आणि मधल्या पट्ट्यात पूर्णा, दुधना, कुंडलिका यांची खोरी. घनदाट अरण्य असे येथे जवळजवळ नाही. नदीकाठची काळी जमीन कापूस, तूर आणि सोयाबीनने व्यापलेली; चढावर गेले की मुरमाड बरड लागते. त्या बरडावर कुसळी, पवन्या आणि मारवेलाचे गवत, अधूनमधून हिवर, बाभूळ आणि बोरीची झाडे. गावकरी त्याला माळ, गायरान किंवा नुसते पडीक म्हणतात.

‘पडीक’ या शब्दात आपण त्या जमिनीची किंमत शून्य ठरवून मोकळे होतो. शिकारी पक्ष्यांचा हिशेब मात्र निराळा असतो. त्यांना झाडी नको, मोकळा आडवा पसारा हवा. खरिपाची काढणी झाली की शेतातले उंदीर उघड्यावर येतात, वाळत्या गवतात नाकतोडे उडत असतात, ज्वारीच्या कणसांवर भोरड्यांचे थवे उतरतात. हे सारे वरून दिसावे एवढीच त्या पक्ष्यांची गरज. म्हणून जिथे माणसाला काही नाही असे वाटते, तिथेच आकाश सर्वांत गजबजलेले असते.

हा प्रदेश पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानातील पक्ष्यांची पहिली पद्धतशीर पाहणी डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये केली. त्यानंतर नव्वदहून अधिक हिवाळे गेले. माळ आक्रसले, विहिरी खोल गेल्या, रस्ते रुंदावले; तरी पाहुण्यांनी येणे अजून सोडलेले नाही.

पाण्याकाठची सकाळ

डिसेंबर-जानेवारीत जालन्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. नवकारशी करणाऱ्यांना सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे काही घ्यायचे नसतेच. पाण्याकाठी जाऊन उभे राहायला ती वेळ अगदी योग्य. शहराजवळचा घाणेवाडीचा जलाशय त्यासाठी सोयीचा आहे. निजामाच्या काळात जालन्याला पाणी मिळावे म्हणून बांधलेल्या या तलावाला आज संत गाडगेबाबांचे नाव आहे. अलीकडच्या दुष्काळांत तो उघडा पडला, तेव्हा शहरातल्या नागरिकांनी, व्यापाऱ्यांनी आणि उद्योजकांनी वर्गणी काढून त्यातला गाळ उपसला. तो गाळ शेतकऱ्यांनी आपल्या रानात नेऊन टाकला. माणसांच्या तहानेसाठी केलेले ते काम होते. त्याचा लाभ वारकरी, शेकाट्या, थापट्या आणि तलवार बदक यांनाही झाला.

जिल्ह्यातल्या अशा तलावांवर हिवाळ्यात केशरी-बदामी अंगाची एक मोठी जोडी काठाशी बसलेली आढळते. हे चक्रवाक. तिबेट-लडाखच्या उंच पठारांवर त्यांची वीण होते आणि थंडीत ते दख्खनपर्यंत उतरतात. पाचवे तीर्थंकर सुमतिनाथ भगवंतांचे लांछन दिगंबर परंपरेत चकवा, म्हणजे हाच पक्षी, आणि श्वेतांबर परंपरेत क्रौंच आहे. मंदिरातल्या पीठिकेवर कोरलेले लांछन लहानपणापासून पाहिलेल्या मुलाला तो पक्षी जिवंत, आवाज करत, पाण्यात प्रतिबिंब पाडत असताना दिसावा, यासारखा धर्मपाठ दुसरा नसेल.

पाणपक्षी निवांत चरत असतात, आणि एकाएकी सगळा थवा फडफडत उठतो. वेताच्या आणि लव्हाळ्याच्या कडेने गडद तपकिरी रंगाचा, पिवळसर डोक्याचा एक पक्षी पंख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे वर धरून संथ तरंगत येत असतो. हा दलदली भोवत्या. घाई नाही, झेप नाही. काठाची प्रत्येक हातभर जागा तो झाडू मारल्यासारखी तपासत जातो. बहुतेक वेळा त्याच्या हाती काही लागत नाही. शिकारी पक्ष्याचे आयुष्य म्हणजे विजयांची मालिका, अशी जी समजूत असते ती पहिल्या तासातच गळून पडते. दिवसाचा बराचसा भाग तो उपाशीपोटी शोध घेण्यात घालवत असतो.

तारेवरचा कापशी, वाऱ्यावरची खरुची

तलाव सोडून गाडी माळाच्या रस्त्याला लागली की नजर विजेच्या तारांवर ठेवावी. पांढराशुभ्र, करड्या पाठीचा, खांद्यावर काळा डाग आणि डोळे लालभडक असा कावळ्याहून लहान पक्षी तारेवर शेपूट वरखाली हलवत बसलेला दिसेल. ही कापशी घार. ती पाहुणी नाही, बारमाही इथलीच. मध्येच उठते, शेताच्या वर एका जागी पंख फडफडवत थांबते, मग पाय खाली सोडून हळूहळू उतरते. तिचे मुख्य अन्न उंदीर. धान्याच्या व्यापारात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना उंदीर म्हणजे काय हे सांगायला नको. कापशी दिवसपाळी करते आणि गव्हाणी घुबड रात्रपाळी. दोघेही पगार मागत नाहीत.

त्याच माळावर तांबूस पाठीची, लांब शेपटीची खरुची दिसते. मैदानी मुलखात ती हिवाळी पाहुणी. वाऱ्याकडे तोंड करून ती हवेत अशी स्थिर होते की जणू अदृश्य दोराने टांगली आहे. पंख हलतात, शेपूट पंख्यासारखी पसरते, पण डोके तसूभरही हलत नाही. खाली गवतात नाकतोडा किंवा उंदीर हलला की दोर तुटल्यासारखी ती खाली येते.

आणि मग भोवत्या. माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या, हे दोघे या माळांचे खरे मानकरी. नर राखी, पंखांची टोके काळी. माँटेग्यूच्या नराच्या पंखावर एक जादा काळी रेघ असते, पांढुरक्याचा नर इतका फिकट की सकाळच्या उन्हात सीगल पक्षी वाट चुकून माळावर आला असे वाटावे. माद्या तपकिरी, कमरेवर पांढरा पट्टा. दोन्ही जातींच्या माद्या वेगळ्या ओळखणे अनुभवी निरीक्षकांनाही अवघड जाते. पांढुरक्याची वीण मुख्यतः रशिया आणि कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशांत होते. नकाशावर सरळ रेघ मारली तरी कझाकस्तानचा उत्तर भाग जालन्यापासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर दूर आहे. एवढा पल्ला ओलांडून ते येतात ते नाकतोडे, उंदीर आणि छोटे पक्षी यांच्यासाठी. पांढुरका भोवत्या आज जगाच्या संकटसमीप प्रजातींच्या यादीत आहे. त्याचे विणीचे गवत तिकडे नांगराखाली जाते आहे आणि मुक्कामाचे गवत इकडे.

पालिताण्याच्या यात्रेला जाणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच भावनगर जिल्ह्यात वेळावदरचे काळवीट राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील गवतात हिवाळ्याच्या संध्याकाळी हे भोवत्या शेकडोंनी विसाव्याला उतरतात. एवढ्या मोठ्या संख्येने त्यांचा रात्रीचा मुक्काम जगात फार थोड्या ठिकाणी असतो. जालन्याच्या माळावर ही संख्या चार-दोन किंवा दहा-पंधरा असेल; पण गवताची गरज तीच, आणि गवत मोडले की निघून जाणेही तेच.

पाच प्रकारचे तिर्यंच, एका दुपारी

दुपारी हवा तापली की पक्षी उंच चढतात आणि जमिनीवरचे जीव दिसू लागतात. शास्त्रकारांनी पंचेंद्रिय तिर्यंचांचे पाच भेद सांगितले आहेत : जलचर, स्थलचर, खेचर, उरपरिसर्प आणि भुजपरिसर्प. पाठशाळेत मुले ही नावे घोकतात. माळावर ती डोळ्यांसमोर चालत येतात.

जलचर सकाळी तलावात पाहून झालेले. स्थलचरांत पहिला मान काळविटाचा. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्याकडच्या शेतशिवारात हरणांचे कळप आजही दिसतात. नराची पाठ काळी, पोट पांढरे, शिंगे पिळदार. माद्या आणि पाडसे बदामी. कळप बिथरला की एकामागून एक हरीण हवेत उंच उड्या घेत रस्ता ओलांडते. सोळावे तीर्थंकर शांतिनाथ भगवंतांचे लांछन हरीण आहे, हे अशा वेळी लहान मुलेच आधी बोलून दाखवतात. हरभऱ्याच्या रानाचे या कळपांकडून होणारे नुकसान हा शेतकऱ्यांचा खरा त्रास आहे आणि माळ कमी झाल्यावर तो वाढणारच. चरायला गायरान उरले नाही तर हरीण जाणार कुठे? कधी रोही, कधी कोल्हा, आणि नशीब असेल तर पहाटे खोकडही दिसते.

उरपरिसर्प म्हणजे छातीने सरपटणारे. थंडीत उन्हाला आलेली धामण बांधावर पडलेली असते, आणि नेमक्या अशाच बांधांवर सापमार गरुड घिरट्या घालतो. फिकट पोटाचा, मोठ्या डोक्याचा, पिवळ्या डोळ्यांचा हा गरुड प्रामुख्याने साप-सरड्यांवर जगतो. भुजपरिसर्प म्हणजे भुजांच्या आधाराने चालणारे : मुंगूस, पाल, उंदीर. बोरीच्या जाळीतून मुंगूस तुरुतुरु निघून जाते. आणि खेचर तर सर्वत्र. शास्त्रात त्यांचेही भेद आहेत. रोमपक्षी म्हणजे पिसांचे आणि चर्मपक्षी म्हणजे वटवाघळासारखे कातडी पंखांचे. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी जीवांकडे इतके बारकाईने पाहिले होते. ते पाहणे मारण्यासाठी किंवा पिंजऱ्यात धरण्यासाठी नव्हते; कुणाला इजा होऊ नये म्हणून आधी त्याला ओळखले पाहिजे, या जाणिवेतून आलेले होते. आज दुर्बीण घेऊन माळावर बसणारा माणूस नकळत त्याच वाटेने जात असतो.

शिकाऱ्याचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे. कापशी उंदीर उचलते, गरुड सापाला मारतो, ससाणा पारव्यावर झडप घालतो. हे दृश्य पाहताना कोवळ्या मनाला वेदना होते आणि ती व्हावी, हे संस्कारांचेच लक्षण. पण त्या वेदनेतून शिकारी पक्ष्याविषयी तिरस्कार निर्माण झाला, तर परंपरेनेच त्याला उत्तर दिलेले आहे.

चौदावे तीर्थंकर अनंतनाथ भगवंतांचे श्वेतांबर परंपरेतील लांछन श्येन आहे. श्येन म्हणजे ससाणा. सिंह महावीरांच्या चरणाशी, सर्प पार्श्वनाथांच्या मस्तकावर आणि ससाणा अनंतनाथांच्या पीठिकेवर. ज्यांनी सर्व जीवांना अभय दिले त्यांच्या सन्निध शिकारी जीवांनाही स्थान आहे.

दुसरी कथा शांतिनाथांच्या पूर्वभवाची. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात ती विस्ताराने येते. राजा मेघरथ पौषधशाळेत असताना भयाने थरथरणारे एक कबूतर त्याच्या मांडीवर येऊन पडते आणि अभय मागते. मागोमाग ससाणा येतो. राजा कबुतराला सोडायला तयार नाही. आणि ससाणा म्हणतो की भुकेने माझा प्राण जातो आहे, माझ्यावर दया का नाही? राजा त्याला हाकलून देत नाही. तराजू मागवतो आणि कबुतराच्या वजनाइतके स्वतःचे मांस कापून पारड्यात ठेवू लागतो. कबुतराचे पारडे जड होत जाते, आणि शेवटी राजा स्वतःच पारड्यात बसतो. देवाने घेतलेली ती परीक्षा होती. कबूतर वाचले एवढेच आपण या कथेतून बहुधा लक्षात ठेवतो. तराजूवर ज्यांचा संसार चालतो त्यांनी दुसऱ्या पारड्याकडेही पाहावे. मेघरथाने ससाण्याच्या भुकेला खोटे म्हटले नाही. शरण आलेला आणि मागे लागलेला, दोघांचीही गरज त्याने मोजली आणि भार स्वतःवर घेतला.

तिसरी कथा तर याच मुलखाच्या अंगणातली. आचार्य विमलसूरींनी महाराष्ट्री प्राकृतात रचलेल्या पउमचरिय या रामकथेत जटायू हा दंडकारण्यातील गिधाड आहे. राम-सीता मुनींना आहार देत असताना त्या गिधाडाला पूर्वभवाचे स्मरण होते आणि तो मुनींकडून श्रावकाची व्रते घेतो. मेलेल्या जनावरावर जगणारा पक्षी व्रतधारी श्रावक होतो! समनस्क पंचेंद्रिय तिर्यंच पाचव्या गुणस्थानापर्यंत चढू शकतो, या सिद्धांताचे याहून प्रभावी उदाहरण क्वचितच मिळेल. जालन्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी ही दंडकारण्याच्या आठवणींची नदी. तिच्या काठी गिधाडे आज शोधून सापडत नाहीत.

गिधाडे कुठे गेली

ही हानी आपल्या डोळ्यांदेखत झाली. १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडांच्या तीन प्रमुख जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट तर शेकडा नव्याण्णवच्या पुढे गेली. कारण बरीच वर्षे उमगेना. २००४ मध्ये संशोधकांनी ते सिद्ध केले : गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक. औषध दिल्यावर थोड्याच काळात जनावर दगावले तर औषधाचा अंश त्याच्या देहात राहतो, आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ मध्ये सरकारने पशुवैद्यकीय वापरासाठी या औषधावर बंदी घातली. माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटलीचा आकार तीन मिलिलीटरपुरता मर्यादित केला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही गुरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांना गुण देते आणि गिधाडांना अपाय करत नाही.

ही माहिती जैन कुटुंबांच्या मासिकात येण्याचे कारण उघड आहे. गावोगावच्या गोशाळा आणि पांजरपोळ आपल्या दानावर चालतात. आजारी, भाकड, अपघातग्रस्त जनावरांची सेवा तेथे होते आणि ती करुणेनेच होते. पण दुखऱ्या गायीला टोचलेली एक सुई, अजाणतेपणी का होईना, आकाशातल्या जीवांच्या घातास कारण ठरू शकते. गोशाळेच्या विश्वस्तांनी आपल्या पशुवैद्याला एकच प्रश्न विचारावा : येथे कोणते वेदनाशामक वापरले जाते? त्या प्रश्नाला पैसा लागत नाही.

असाच प्रश्न दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्यालाही आहे. उंदरांसाठीचे विष उंदरापाशीच थांबेल याची खात्री नसते. काही विषे अशी की ती खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबडाच्या किंवा कापशीच्या पोटात जातो आणि विष पुढे सरकते. गोदामाच्या फटी बुजवणे, पोती जमिनीपासून उंचावर रचणे, धान्य उघडे न ठेवणे ही जयणा आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. तीच आजही सर्वांत निर्दोष.

आणि संक्रांत. जानेवारीत, नेमके पाहुणे मुक्कामाला असताना, पतंगांचा हंगाम येतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरी तो कुठे ना कुठे विकला जातोच. झाडाच्या फांदीवर अडकलेला तो धागा महिनोन्‌महिने कुजत नाही. दिल्लीतल्या नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या भावांनी मांजाने कापलेल्या घारी उचलून घरी आणल्या, उपचार शिकून घेतले आणि हजारो घारींना पुन्हा आकाशात सोडले. शौनक सेन यांचा २०२२ चा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट त्यांच्याच कामावर आहे. त्याच दिल्लीत, लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात, जैन समाजाने उभारलेले पक्षी रुग्णालय आहे. तेथे दाणे खाणाऱ्या पक्ष्यांना दाखल करून घेण्याची आणि मांसाहारी पक्ष्यांवर बाह्यरुग्ण म्हणून उपचार करण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. मर्यादा पाळूनही जखमेवर मलम लावणे सोडायचे नाही, अशी ती वाट. मेघरथाच्या तराजूची आठवण येथेही होते.

खीचनचा धडा

व्यापारी जैन समाजाने पक्ष्यांसाठी काय उभे केले, याचे उदाहरण राजस्थानात फलोदीजवळच्या खीचन गावी आहे. हिवाळ्यात तेथे हजारो कुरजा, म्हणजे आपले कांड्या करकोचे, उतरतात. १९७० च्या दशकात रतनलाल मालू यांनी त्यांना दाणे घालण्याचे काम अंगावर घेतले. गावाने चुग्गाघर उभारले, परगावी व्यापाराला गेलेल्या कुटुंबांनी धान्य आणि पैसा पाठवला, आणि मूठभर पक्ष्यांचे मोठे थवे झाले. २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

जालन्यात हेच हुबेहूब करता येणार नाही, कारण भोवत्या दाणा टिपत नाहीत. त्यांना दान द्यायचे ते गवताचे. गायरानाचा एखादा तुकडा ग्रामपंचायतीशी बोलून राखणे, उन्हाळ्याच्या तोंडावर गवत पेटवू न देणे, गोशाळेच्या वैरणीसाठी कापणी करताना काही पट्टे उभे सोडणे. गायींना चारा मिळतो, तित्तर-लावऱ्यांना अंडी घालायला जागा मिळते, हरणांचा शेतातला वावर कमी होतो आणि पाहुण्यांना रात्रीचा निवारा लाभतो. पडीक म्हणून सोडून दिलेल्या जमिनीचा याहून चोख जमाखर्च कुणी मांडून दाखवावा.

जाताना, पाहताना

एका रविवारची ही सहल खर्चिक नाही. साधी दुर्बीण, पाणी, दशम्या, खाखरे आणि शेंगदाण्याची चटणी एवढी शिदोरी पुरते. ओळखीच्या शेतावर हुरडा मिळाला तर दिवस सार्थकी लागतो. कपडे मातकट रंगाचे असावेत. गवतातून चालताना ईर्यासमिती पाळावी. पायाखाली चंडोल दबून बसलेला असतो आणि तित्तर शेवटच्या क्षणी उडते. पक्ष्याच्या मागे गाडी दामटू नये, दगड मारून त्याला उडवू नये, छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाऊ नये. उत्तम उपाय म्हणजे एका जागी बसणे. सामायिकाचे अठ्ठेचाळीस मिनिटे स्थिर बसण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना पक्षिनिरीक्षणाचे निम्मे शिक्षण आधीच मिळालेले असते. माणूस हलायचा थांबला की माळ त्याला विसरतो, आणि मग टिटवी, धाविक, ससा सारे आपापल्या कामाला लागतात.

चौविहार करणाऱ्यांनी साडेपाचपर्यंत जेवण आटोपून घ्यावे. सूर्य सहाच्या आत-बाहेर मावळतो, आणि त्याआधीची वीस मिनिटे दिवसातली सर्वांत मोलाची. भोवत्या एकेक करून चारी दिशांनी परत येऊ लागतात. गवतावरून खाली खाली घिरट्या घालतात, एक जागा पसंत करतात, सोडतात, दुसरी घेतात. दिवसभर एकटा फिरणारा प्रत्येक शिकारी रात्रीसाठी दुसऱ्यांच्या जवळ येतो. झाडावर नाही, तारेवर नाही. उघड्या जमिनीवर, गुडघाभर गवताच्या आडोशाला ते पंख मिटतात. ज्याच्या सावलीने दिवसभर माळ दचकत होता तो पक्षी आता कोल्ह्याच्या, कुत्र्याच्या आणि आगपेटीच्या एका काडीच्या दयेवर असतो.

मार्च उजाडला की ते निघतात. कझाकस्तानच्या बर्फाखालचे गवत तेव्हा उघडे पडू लागलेले असते. पुढच्या कार्तिकात ते परत येतील तेव्हा जालन्याच्या माळावर त्यांच्यासाठी गवत उभे असेल का, हे त्या पक्ष्यांच्या हाती नाही. ज्यांच्या दानातून तलावाचा गाळ निघाला आणि गोशाळांचे गोठे उभे राहिले, त्यांच्या हाती मात्र ते बऱ्याच अंशी आहे.